डबीवरचे नाव आणि विमानावरचा रंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९४० सालातल्या ब्रिटिश स्पिटफायर मार्क १ आणि जर्मन मेसरश्मिट बीएफ १०९ ई या लढाऊ विमानांच्या १/७२ प्रमाणातल्या मॉडेल्सची जोडी करायची आहे, आणि रंग इनॅमलच (तेलावर आधारित) वापरायचे आहेत. तीन कंपन्यांच्या डब्या आणल्या. तिन्हींवर ‘स्काय’ (ब्रिटिश विमानांच्या पोटाचा रंग) असेच लिहिलेले आहे, पण एक रंग पिवळसर हिरव्याकडे झुकतो, दुसरा निळसर आहे आणि तिसरा जवळजवळ राखाडी. यांतला इतिहासाला धरून असलेला रंग कोणता, आणि पुढच्या वेळी डबी घेण्याआधीच हे कसे ओळखावे?

डबीवरचे नाव हा पुरावा नसतो. ते कंपनीने उपलब्ध नमुन्यांवरून बांधलेले अनुमान असते. काही कंपन्या ते फार काळजीपूर्वक बांधतात, काही विक्रीच्या सोयीने. पुरावा असतो तो विमानाचा: ते कोणत्या कारखान्यातून बाहेर पडले, कोणत्या महिन्यात उडत होते, कोणत्या स्क्वाड्रनकडे होते आणि त्या वेळी रंगकामाचा कोणता आदेश लागू होता. म्हणून मी डबी सर्वांत शेवटी हातात घेतो. आधी तारीख, मग त्या तारखेला लागू असलेल्या रंगाचे अधिकृत नाव, मग त्या नावाचा विश्वासार्ह नमुना, आणि त्यानंतर त्या नमुन्याच्या जवळ जाणारी डबी. तुम्ही नेमके उलट्या टोकाने सुरू केले आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. आपण सगळेच दुकानातून सुरुवात करतो.

तुमचे स्पिटफायरच घेऊ. वरच्या बाजूला डार्क अर्थ (मातकट तपकिरी) आणि डार्क ग्रीन होते, यावर १९४० सालापुरता वाद नाही. वाद आहे तो पोटाच्या बाजूचा. जून १९४०च्या सुरुवातीपर्यंत ब्रिटिश लढाऊ विमानांच्या डाव्या पंखाखाली ‘नाइट’ म्हणजे काळा आणि उजव्या पंखाखाली पांढरा रंग असे, जेणेकरून जमिनीवरच्या निरीक्षकांना आणि तोफखान्याला आपले विमान ओळखता यावे. जूनमध्ये त्याऐवजी संपूर्ण पोट ‘स्काय’ करण्याचा आदेश निघाला, पण आदेश पोहोचला त्या वेगाने रंग पोहोचला नाही. पुरवठा अपुरा होता, आणि स्क्वाड्रनमध्ये या रंगाला बदकाच्या अंड्याचा निळा अशा अर्थाचे बोलीतले नाव पडले होते. ज्यांच्याकडे अधिकृत रंग नव्हता त्यांनी हाताशी असलेला किंवा मिसळून तयार केलेला फिकट निळा अथवा हिरवट रंग लावला. म्हणजे तुमच्या तीन डब्यांपैकी निळसर डबी ‘स्काय’ या अधिकृत रंगाची नक्कल म्हणून चुकीची आहे, पण जून-जुलै १९४०मधल्या एखाद्या विशिष्ट विमानाच्या पोटासाठी ती अगदी योग्य ठरू शकते. अधिकृत स्काय हा पिवळसर झाक असलेला फिकट हिरवा आहे. स्वच्छ पांढऱ्या कागदाशेजारी ठेवल्यावर त्यातली पिवळी झाक दिसली पाहिजे. पुदिन्यासारखा थंड हिरवा दिसला, तर तो स्काय नव्हे.

वर्षाच्या अखेरीस चित्र पुन्हा बदलते. नोव्हेंबर १९४०च्या शेवटी शेपटीच्या अलीकडे स्काय रंगाचा पट्टा आणि त्याच रंगाचा स्पिनर, म्हणजे प्रोपेलरच्या मध्यावरची टोपी, आला, आणि काही महिन्यांपुरता डावा पंख खालून पुन्हा काळा झाला. त्यामुळे ऑगस्टमधल्या वैमानिकाच्या खुणा लावून शेपटीला स्काय पट्टा दिलेले मॉडेल, रंग कितीही अचूक असला तरी, चुकलेलेच असते. परीक्षक म्हणून मी जितकी मॉडेल्स पाहिली आहेत त्यांत छटेच्या चुकीपेक्षा ही तारखेची चूक कितीतरी अधिक वेळा दिसते.

जाता जाता, या रंगाचे मूळ मोठे गमतीदार आहे. हवाई छायाचित्रणातून टेहळणी करण्याचे तंत्र उभे करणाऱ्या सिडनी कॉटन यांनी आपल्या विमानांसाठी ‘कॅमोटिंट’ नावाचा फिकट हिरवट रंग तयार करून घेतला होता आणि स्काय त्यावरूनच आला. जोधपूरच्या महाराजांचे फिकट हिरवे खासगी विमान उड्डाण करताच आकाशात दिसेनासे झाले, त्यावरून ही कल्पना सुचली, अशी हकिकत सांगितली जाते. काही जुन्या कागदपत्रांत आणि किटच्या पत्रकांत ‘स्काय टाइप एस’ असेही आढळते. तो स्कायचा वेगळा प्रकार नाही; ‘एस’ हे अक्षर गुळगुळीत पृष्ठभागाच्या रंगप्रकाराचे निदर्शक होते. दोन डब्या घेण्याची गरज नाही.

आता बीएफ १०९ ई. जर्मन हवाई मंत्रालयाच्या (आरएलएम) रंगांना क्रमांक असल्यामुळे येथे काम सोपे वाटते, पण तारीख येथेही सुटत नाही. युद्धाच्या आरंभी ही विमाने वरून आरएलएम ७० आणि ७१ या दोन गडद हिरव्यांत, तर खालून ६५ या फिकट निळ्यात असत. १९३९-४०च्या हिवाळ्यापासून ७०ची जागा ०२ या हिरवट राखाडीने घेतली आणि ६५चा निळा धडाच्या बाजूंवर बराच वर चढला. तो निळा फ्रान्सवर फार उठून दिसतो असे लक्षात आल्यावर १९४०च्या उन्हाळ्यात बाजूंवर ठिपके आणि फराटे मारून तो मंद करण्यात आला. हे काम बहुधा युनिटमध्येच होत असल्याने प्रत्येक विमानाचे ठिपके निराळे असतात. पिवळे नाक, म्हणजे आरएलएम ०४, उन्हाळ्याच्या उत्तरार्धातले. कॉकपिट ०२मध्ये रंगवावे. ६६ हा काळपट राखाडी पुढच्या आवृत्त्यांचा आहे, जरी अनेक जण सवयीने तोच लावतात. प्रोपेलरची पाती ७०.

यासाठी लागणारा खरा आधार म्हणजे त्या विशिष्ट विमानाचे छायाचित्र, आणि कृष्णधवल छायाचित्र वाचताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. त्या काळातल्या फिल्म दोन प्रकारच्या होत्या. पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्व रंगांना प्रतिसाद देते, पण ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे तांबडा काळा उमटतो, पिवळा अपेक्षेपेक्षा बराच गडद येतो आणि निळा उजळतो. मे १९४०पासून ब्रिटिश विमानांच्या धडावरील राउंडेलला (गोल राष्ट्रीय खुणेला) बाहेरून पिवळे कडे होते, पण ऑर्थोक्रोमॅटिक छायाचित्रात ते कॅमोफ्लाजच्या हिरव्यात मिसळून जाते आणि कडे नव्हतेच असा समज होतो. त्याच कारणाने मेसरश्मिटचे पिवळे नाक अशा छायाचित्रात तांबडे असल्यासारखे वाटते. छायाचित्राचा प्रकार ओळखण्यासाठी ज्याचा रंग निश्चित माहीत आहे अशी एखादी वस्तू त्यात शोधावी. राउंडेलमधला निळा तांबड्यापेक्षा खूपच फिका दिसत असेल तर फिल्म बहुधा ऑर्थोक्रोमॅटिक आहे. संगणकावर मागाहून रंगवलेली छायाचित्रे मात्र रंगाच्या बाबतीत पूर्णपणे बाजूला ठेवावीत. त्यांत दिसतो तो रंगवणाऱ्याचा अंदाज, आणि तो अंदाज पुष्कळदा एखाद्या मॉडेलवरूनच घेतलेला असतो!

संग्रहालयातल्या विमानाबद्दलही सावध राहावे. पुन्हा रंगवलेले विमान आजच्या टिकाऊ रंगात असते, आणि मूळ रंग शिल्लक असलेले अवशेष ऊन, ओल आणि ऑक्सिडीकरण यांनी बदललेले असतात. जपानी झीरो विमानाचा फिकट रंग राखाडी होता की मधाळ झाक असलेला, हा वाद इतकी वर्षे चालला त्याचे एक कारण हेच.

रंगसंहितांचा घोळ थोडा सविस्तर सांगतो, कारण डब्यांच्या तक्त्यांत तो सर्वाधिक फसवतो. अमेरिकेच्या फेडरल स्टँडर्ड ५९५ या संहितेतले पाच अंकी क्रमांक तुम्ही पाहिले असतील. पहिला अंक चमक सांगतो: १ म्हणजे चकचकीत, २ म्हणजे अर्धचकचकीत, ३ म्हणजे मॅट, अर्थात चमक नसलेला. दुसरा अंक रंगाचा गट सांगतो: ० तपकिरी, १ तांबडा, २ नारिंगी, ३ पिवळा, ४ हिरवा, ५ निळा, ६ राखाडी, आणि ७मध्ये काळा-पांढरा वगैरे इतर. उरलेले तीन अंक ढोबळमानाने उजळपणाचा चढता क्रम दाखवतात. व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी फँटम विमानाच्या वरच्या बाजूचे ३४०७९, ३४१०२ आणि ३०२१९ हे रंग, म्हणजे दोन मॅट हिरवे आणि एक मॅट तपकिरी, क्रमांकावरूनच वाचता येतात. पोटाचा ३६६२२ हा फिकट मॅट राखाडी. त्या काळातल्या अमेरिकी विमानासाठी ही संहिता हाच मूळ आधार आहे आणि ती निःशंकपणे वापरावी. पण ही संहिता १९५६ सालची आहे. तुमच्या स्पिटफायरच्या तक्त्यात डार्क अर्थपुढे असा पाच अंकी क्रमांक छापलेला असेल, तर तो त्या रंगाचा क्रमांक नव्हे, तर कोणीतरी नंतर शोधलेला त्यातल्या त्यात जवळचा रंग आहे. एका कंपनीने जवळचा रंग शोधला, दुसरीने त्या जवळच्या रंगाच्या जवळचा रंग बनवला, आणि तिसरीने दुसरीची डबी समोर ठेवली, की तुमच्यासारखी तीन स्कायची स्थिती तयार होते. ब्रिटिश स्टँडर्ड ३८१सीमधला २१० हा स्काय आणि ६३७ हा मीडियम सी ग्रे यांचे नमुने मात्र तुलनेसाठी उपयोगी पडतात, कारण तेथे रंगाचे नाव आणि परंपरा एकच आहे.

अधिकृत नमुना असूनही एकसारखेपणा येत नव्हता हेही लक्षात घ्यावे. ऑगस्ट १९४१मध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांवर डार्क अर्थच्या जागी ओशन ग्रे आला. तो पुरेसा मिळेपर्यंत मीडियम सी ग्रेच्या सात भागांत नाइटचा एक भाग मिसळून ‘मिक्स्ड ग्रे’ लावावा, असे ठरले. कृती इतकी स्पष्ट, तरीही बादलीत मोजमाप करणाऱ्या माणसागणिक छटा बदलत असणार. युद्धाच्या अखेरच्या जर्मन रंगांत तर ८१ आणि ८२ या क्रमांकांचे रंग लावण्याच्या सूचना १९४४मध्ये निघाल्या, पण त्यांची नमुनापत्रेच उपलब्ध करून दिली गेली नाहीत. अशा विमानाच्या बाबतीत एखादी डबी ‘शंभर टक्के अचूक’ असल्याचा दावा मी गांभीर्याने घेत नाही.

नमुना मिळाला की डबी तपासण्याची माझी पद्धत अशी आहे. पांढऱ्या प्लास्टिक शीटची दोन बोटे रुंद पट्टी कापून तिला मॉडेलवर लावणार तोच प्रायमर लावायचा. त्यावर रंगाचे दोन पातळ हात एअरब्रशने द्यायचे, कारण ब्रशने दिलेला जाड हात वेगळा दिसतो. पट्टी निदान ४८ तास धूळ लागणार नाही अशी ठेवायची. ओल्या इनॅमलवरून कधीही निर्णय घेऊ नये. मग पट्टीच्या अर्ध्या भागावर चिकटपट्टी लावून उरलेल्या भागावर मॅट वार्निश द्यायचे. चिकटपट्टी काढल्यावर एकाच रंगाच्या दोन छटा शेजारीशेजारी दिसतात, आणि गडद हिरव्यात हा फरक इतका असतो की नवख्या माणसाला ते दोन निरनिराळे रंग वाटतात. चकचकीत पृष्ठभाग रंग गडद आणि गहिरा दाखवतो, मॅट तोच रंग उजळ आणि धुरकट करतो. नमुन्याची चमक आणि पट्टीची चमक सारखी असल्याशिवाय तुलना करूच नये. शेवटी राखाडी पुठ्ठ्याला एक चौकोनी भोक पाडून नमुना व पट्टी कडेला कड भिडवून त्याखाली धरायची, म्हणजे भोवतालच्या रंगांचा प्रभाव डोळ्यांवर पडत नाही. कडांमधली रेघ डोळे किलकिले केल्यावर पुसट झाली, तर रंग पुरेसा जवळ आहे.

हे सगळे खिडकीतून येणाऱ्या दिवसाच्या उजेडात, पण थेट ऊन टाळून करावे. सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा रात्री पिवळसर दिव्याखाली बसून ०२ आणि ७१ मिसळले, नमुन्याशी तंतोतंत जुळवले आणि समाधानाने झोपलो. सकाळी पाहिले तर ०२ सरळ तपकिरी दिसत होता. दोन रंगांतली रंगद्रव्ये वेगळी असली, तर ते एका प्रकाशात जुळतात आणि दुसऱ्या प्रकाशात फुटतात. याला मेटामेरिझम म्हणतात. मॉडेल ज्या कपाटात राहणार आहे तेथल्या दिव्याखालीही पट्टी एकदा धरून पाहावी.

लहान प्रमाणातल्या मॉडेलवर रंग उजळ करावा का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो लवकरच पुढे येईल. दूरवरची मोठी वस्तू हवेमुळे फिकी दिसते, म्हणून १/७२ला सुमारे १५ टक्के, १/४८ला १० टक्के आणि १/३२ला ७ टक्के पांढरा मिसळावा, असा एक नियम प्रचलित आहे. मी तो आकड्यांनिशी पाळत नाही. डार्क अर्थमध्ये इतका पांढरा घातला की तो गुलाबीकडे जातो, आणि डार्क ग्रीन खडूसारखा थंड होतो. तपकिरीत फिकट वाळूचा रंग, हिरव्यात थोडा पिवळसर राखाडी, आणि तोही पाच ते सात टक्क्यांपर्यंत, एवढे मला पुरते; पुढचे मॅट वार्निश आणखी थोडा उजळपणा देतेच. शिवाय काही कंपन्या डबीतला रंग आधीच प्रमाणानुसार उजळलेला ठेवतात. नमुन्याशी तुलना न करता त्यात पुन्हा पांढरा मिसळला, तर तेच काम दोनदा होते.

इनॅमलचा स्वतःचा एक दोष छटेच्या वादात नेहमी विसरला जातो. डबी महिनोन्महिने उभी राहिली की रंगद्रव्ये तळाशी बसतात, आणि ती एकाच वेगाने बसत नाहीत. पांढरे रंगद्रव्य जड असल्याने लवकर खाली जाते. वरवर ढवळलेल्या डबीतला राखाडी म्हणूनच वेगळा येतो. डबी हलवून भागत नाही. चपट्या टोकाच्या काडीने तळ खरवडत, काडीला गाठ लागेनाशी होईपर्यंत, पाच मिनिटे ढवळावे. एकदा एका नामवंत कंपनीच्या ६५ क्रमांकाच्या दोन डब्या मी एकाच मेसरश्मिटला वापरल्या, एक पंखांना आणि एक धडाला. दोन्ही नीट ढवळलेल्या होत्या, पण वेगवेगळ्या वेळी बनलेल्या, आणि पंखाच्या मुळाशी दोन निळे समोरासमोर उभे राहिले. तेव्हापासून एका विमानाच्या एका रंगासाठी एकच डबी, आणि दोन लागणारच असतील तर आधी दोन्ही एकत्र ओतून घ्यायच्या. १४ मिलिलिटरची एक डबी १/७२ प्रमाणातल्या अनेक लढाऊ विमानांना पुरते, त्यामुळे हा प्रसंग मोठ्या बॉम्बफेकी विमानांवरच येतो.

कोणती मालिका घ्यावी? हम्ब्रोल या रंगकंपनीचे क्रमांक बहुतेक किटच्या पत्रकांत सापडतात: २९ हा डार्क अर्थ, १६३ हा सॅटिन (अर्धचकचकीत) डार्क ग्रीन, ७८ हा कॉकपिटचा हिरवा, आणि ९० हा परंपरेने स्कायसाठी वापरला जाणारा. मालिकेतला रंग वापरला म्हणून पट्टीची तपासणी टळत नाही. एक्स्ट्राकलर ही मालिका मुळातच चकचकीत आहे. तिच्यावर वेगळे ग्लॉस वार्निश न देता डिकल (खुणांची चिकटचित्रे) लावता येतात, पण तो रंग पक्का वाळायला मॅटपेक्षा बराच वेळ लागतो आणि घाई केली की बोटांचे ठसे उमटतात. कलरकोट्स ही मालिका हवाई दलाच्या अधिकृत नावांनुसार लावलेली असल्याने तारखेवरून नावाकडे आणि नावावरून डबीकडे जाणे सोपे होते. तुमच्या जोडीसाठी मी ब्रिटिश आणि जर्मन रंग प्रत्येकी एकाच मालिकेतून घेईन, कारण एका मालिकेतले रंग परस्परांशी प्रमाणात असतात. डोळ्यांना प्रत्येक रंगापेक्षा दोन रंगांमधला फरक अधिक जाणवतो.

रंग पातळ करण्यासाठी व्हाइट स्पिरिट किंवा त्याच कंपनीचे थिनर घ्यावे, दुधाइतके पातळ करावे, खोलीत हवा खेळती ठेवावी आणि तोंडाला वाफा गाळणारा मास्क लावावा. इनॅमलवर थेट इनॅमलचा किंवा तैलरंगाचा वॉश (फार पातळ केलेल्या रंगाचा हात) देऊ नये, खालचा रंग सुटतो. मध्ये ॲक्रिलिक क्लिअरचा (पाण्यावर आधारित पारदर्शक वार्निशचा) एक हात असावा. ॲक्रिलिकच घेण्याचे दुसरे कारण म्हणजे जुन्या पद्धतीचे इनॅमल वार्निश काही वर्षांत पिवळे पडते, आणि मग इतक्या खटाटोपाने जुळवलेला ६५चा निळा हिरवट होऊन बसतो.

मिसळलेला रंग उरला तर तो लहान काचेच्या बाटलीत घट्ट बंद करून ठेवावा आणि तिच्यावर थेंबांचे प्रमाण, विमान आणि तारीख लिहावी. १/७२च्या स्पिटफायरचा अँटेनाचा खांब कधी ना कधी तुटतोच, आणि तो पुन्हा चिकटवल्यावर टोकाशी लागणारा तो एक थेंब दुसऱ्या कोणत्याही डबीत सापडत नाही.